बाहेरच्या खोलीचा कोबा

वहिनींना घरात लाकडी जमीन हवी होती. मागणं एवढंच होतं, आणि संसाराला इतकी वर्षं होऊन स्वतःसाठी म्हणून त्यांनी तोंडाने मागितलेलं बहुधा ते पहिलंच.

इमारतीत सगळे त्यांना वहिनी म्हणत. तळमजल्यावरचे आजोबा त्यांच्या वडिलांच्या वयाचे, पण तेही वहिनीच म्हणत. घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, झोपायची खोली आणि बोळासारखं अरुंद स्वयंपाकघर. बाहेरची खोली बैठकीची, पण ती नावालाच. खरं तर तो वहिनींचा कारखाना होता. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकून पांढऱ्या कापडाचे तागे. जवळच्या हॉस्पिटलातल्या नर्सचे कोट वहिनी शिवत. त्यांची कॉलर अशी बसायची की जगात काहीही पसंत न पडणाऱ्या तिथल्या मेट्रनबाईसुद्धा नुसतं "हं" म्हणून गठ्ठा ठेवून घ्यायच्या.

शिवणकाम म्हणजे बसून करायचं काम, असं लोकांना वाटतं. पण कापायचं असतं उभ्यानेच, आणि वहिनींचा अर्धा दिवस टेबलाशी उभं राहण्यात जायचा. पायाखाली प्लास्टिकचं जुनं जाजम, त्याखाली उघडा कोबा. हवा गार पडली की तो गारठा तळव्यांतून वर चढायचा आणि गुडघ्यांत मुक्काम ठोकायचा. दोन-दोन मोजे घालून झाले, टेबलाखाली पोतं अंथरून झालं. मग एकदा थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, नव्या घरी गेल्या असताना त्या अनवाणी तिच्या लाकडी जमिनीवर उभ्या राहिल्या, आणि पायांनीच काय ते ठरवून टाकलं.

त्यांचे यजमान शहराची बस चालवायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. लोक त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. माणूस थंड डोक्याचा, निर्व्यसनी, कधी कुणाला एक शब्द वेडावाकडा न बोललेला. अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नव्हता. त्यांची फक्त एक सवय वाईट होती. इतकी वर्षं घरघरत्या इंजिनाशेजारी बसून काढल्यामुळे समोरच्याचं वाक्य अर्धं ऐकायचं आणि उरलेलं स्वतःच्या मनाने पुरं करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बसमध्ये यामुळे फार बिघडायचं नाही. घरात बिघडायचं.

लाकडी पट्ट्या पसंत करायला दोघं मिळून दुकानात गेले. वहिनींनी मधासारखा रंग निवडला. दुकानदाराने फिटर पाठवला. सडपातळ, कानामागे पेन्सिल, कामापुरतं बोलणारा. त्याने टेबल बाजूला सरकवायला लावलं, जाजमाचा कोपरा धरून ते सरळ मागे सोलत नेलं आणि उघड्या पडलेल्या कोब्यावर माणसाच्या उंचीची अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि पट्टीखालून पाहू लागला. वहिनीही वाकल्या. खिडकीकडचा उजेड पट्टीखालून इतका मोकळा येत होता की एका ठिकाणी पेन्सिल सहज आरपार गेली असती. दुसऱ्या ठिकाणी पट्टी एका फुगवट्यावर टेकून झोपाळ्यासारखी डुलत होती.

फिटरने खडूने खड्ड्यांभोवती गोल काढले, फुगवट्यावर फुल्या मारल्या. तो म्हणाला, अशा जमिनीवर पट्ट्या बसवल्या तर वर्षाच्या आत त्यांचे सांधे निसटतील, चालताना टकटक वाजतील, आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. आधी फुगवटे घासा, खड्डे भरा, मग बोलवा. गवंड्याला सांगितलंत तर दोन दिवसांचं काम आहे.

"आणि एक लक्षात ठेवा काकू," जाता जाता तो म्हणाला, "जमीन दाराकडे थोडी उतरती आहे, तिची काळजी करू नका. जमीन सपाट हवी, पातळीत नसली तरी चालते."

वहिनींनी ते नीट ऐकलं. ड्रायव्हरसाहेबांनी "जमीन सपाट हवी, पातळीत" इथवर ऐकलं आणि मान डोलावली.

मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे ऐकलं की वहिनी हातातलं काम खाली ठेवत.

"गवंडी कशाला? मी आहे ना."

या "मी आहे ना"ला मोठा इतिहास होता. स्वयंपाकघरातला नळ "मी आहे ना"मुळेच उलटा फिरायचा. उघडायला बंदच्या दिशेने पिळावा लागे. झोपायच्या खोलीतलं कपाट "मी आहे ना"मुळेच भिंतीला इतकं पक्कं ठोकलेलं होतं की मागे पडलेली वहिनींची कात्री कायमची तिथेच राहिली. पण तेव्हा निदान नोकरी होती. सुट्टी संपली की हात थांबायचे. आता सुट्टी संपणार नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, आणि वहिनी हिंगासाठी रोज सगळे डबे उघडत होत्या. म्हणून, काहीतरी ठोस काम मिळालं तर बरंच, असं म्हणून वहिनी गप्प बसल्या. पुढे कितीतरी वेळा त्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी स्वतःला बोल लावला.

पहिल्यांदा निघाला तो जुना गोंद. जाजम ज्याने चिकटवलं होतं त्या काळ्या गोंदाचे चट्टे कोब्यावर जागोजाग होते, आणि खड्डे भरायला आणलेला मसाला त्यांच्यावर धरत नाही असं त्याच्या पुडक्यावर लिहिलेलं होतं. ड्रायव्हरसाहेब पत्रा घेऊन ते खरवडायला बसले. सावकाश, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे, पाटीवर अक्षरं गिरवावीत तसे. वहिनी टेबल आज इकडे, उद्या तिकडे असं ढकलत कापत राहिल्या. तो आवाज कर्कश होता, पण सोसण्यासारखा होता.

मग त्यांनी घासायचं मशीन भाड्याने आणलं.

वहिनींनी आदल्या दिवशीच बजावलं होतं: उद्या माझे कोट द्यायचेत, गठ्ठा आतल्या खोलीत आहे, आतलं दार लावून घ्या आणि फटीला ओलं फडकं लावा. ड्रायव्हरसाहेबांनी आतलं दार लावून घेतलं. फडक्याचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचला नसावा. वहिनी भाजी घेऊन जिना चढू लागल्या तेव्हा दुसऱ्या मजल्यापासूनच त्यांना खोकला यायला लागला. घरात शिरल्या तर खोलीच्या मधोमध एक करड्या रंगाचा माणूस उभा होता, भुवयांसकट करडा, आणि अत्यंत समाधानी. फुगवटा गेला म्हणाला.

फुगवटा गेला होता आणि घरभर पसरला होता. दिव्यावर, घड्याळावर, झाकून ठेवलेल्या दुधावर. आतल्या खोलीत पलंगावर ठेवलेल्या पांढऱ्या कोटांवर इतका नाजूक थर बसला होता की नजरेला दिसू नये, आणि बोट फिरवलं की रेघ उमटावी. वहिनींनी एकेक कोट गॅलरीत झटकला. मेट्रनबाईंनी गठ्ठा उघडला, वरच्या कोटाची बाही उजेडात धरली आणि या वेळी "हं" म्हटलं नाही. सगळा गठ्ठा धुऊन, इस्त्री करून पुन्हा आणायला सांगितला.

वहिनी घरी येऊन भांडल्या का? भांडल्या. पण भांडणालाही समोर कुणीतरी लागतं. ड्रायव्हरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चूक कबूल केली, सगळे कोट स्वतः धुतले, आणि वाळत घालताना शांतपणे विचारलं की खिडकीकडचा खड्डा आधी भरावा की दाराकडचा. या माणसावर रागवणं म्हणजे उशीवर बुक्की मारण्यासारखं, असं वहिनी ताईला फोनवर म्हणाल्या.

खड्डे भरायचा मसाला पुडक्यातून भुकटीच्या रूपात येतो. पाण्यात घोटला की ताकाइतका पातळ होतो, आणि ओतल्यावर आपला आपण पसरून सपाट बसतो. ड्रायव्हरसाहेबांना या "आपला आपण"ची फार मौज वाटली. त्यांनी पुडक्यावरचं सगळं वाचलं, अस्तराचा हात मारला, तो वाळू दिला, घड्याळ लावून मसाला घोटला. वाचायचं एवढंच राहिलं होतं, की घर जुनं असेल तर नळ्यांभोवतीच्या फटी आधी बुजवा. तेही छापलेलं होतं. पण पुडकं फाडताना ती ओळ फाटलेल्या बाजूला गेली.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात एक जुनी पाण्याची नळी जमिनीतून खाली जात होती. मसाला आपला आपण पसरत तिच्यापर्यंत गेला आणि आपला आपण खाली उतरला.

खाली दुसऱ्या मजल्यावर कंपाउंडर राहत. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आयुष्यभर पुड्या बांधून आता घरी बसलेले, नाकावर चष्मा, आवाजात तक्रार. ते ओट्याशी उभे राहून दूध तापवत होते. वरून पातेल्यात काहीतरी टपकलं. त्यांनी वर पाहिलं, तर पुढचा थेंब चष्म्यावर. थोड्याच वेळात ते पातेल्यासकट वहिनींच्या दारात उभे होते, आणि पातेल्यातलं दूध तोवर घट्ट होऊ लागलं होतं.

"वहिनी, तुमचे साहेब नक्की काय करतायत?" त्यांनी विचारलं. "मला फक्त कळू द्या, म्हणजे मी त्याप्रमाणे घर सोडतो."

वहिनी फडकं, बादली, पत्रा घेऊन खाली गेल्या. कंपाउंडरांचा ओटा, चूल, नळीचा खालचा भाग सगळं त्यांनी खरवडून साफ केलं. पातेलं काही वाचलं नाही. त्याच्या बदल्यात आपलं चांगलं पातेलं दिलं. कंपाउंडरांच्या बायको मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या, आमचेही असेच आहेत, फक्त आमचे काही करत नाहीत. वहिनींना त्या क्षणी तो प्रकार फार सुखाचा वाटला.

इथवरही ठीक होतं, कारण यानंतर खड्डे भरलेले होते आणि फुगवटे गेले होते. वहिनींनी स्वतः ती लांब पट्टी ठेवून, वाकून पाहिलं. उजेडाची रेघ इतकी बारीक की दोराही जाऊ नये. त्या म्हणाल्या, झालं, फिटरला बोलवा. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, बोलवू. आणि दुसऱ्या दिवशी ते बाजारातून पाणसळ घेऊन आले.

पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात हवेचा एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की जागा पातळीत. ड्रायव्हरसाहेबांनी ती जमिनीवर ठेवली आणि बुडबुडा खिडकीकडे निघून गेला. त्यांनी ती दुसरीकडे ठेवली. तिथेही तो खिडकीकडेच गेला. खोली दाराकडे उतरती होती. ते फिटर पहिल्याच दिवशी सांगून गेला होता.

वहिनींनी आठवण करून दिली. सपाट हवी, पातळीत नसली तरी चालते, असं तो म्हणाला होता. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, नाही, सपाट हवी, पातळीत हवी, असं म्हणाला होता. वहिनींनी पुन्हा सांगितलं. मग जेवताना सांगितलं. मग अंथरूण घालताना सांगितलं. शब्द तेच, क्रम तोच. पण त्यांच्या कानात जाताना वाक्याची शेपटी कुठेतरी गळून पडायची. फिटरला फोन करून विचारा म्हटलं, तर म्हणाले, त्याला उगाच कशाला त्रास.

आणि मग सुरू झालं ते खरं. दाराकडची बाजू वर आणायची म्हणून एक थर ओतला. तो वाळेपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून वहिनींचं मशीन स्वयंपाकघरात आलं. एका हाताला शेगडी, दुसऱ्या हाताला पांढरं कापड. थर वाळला तेव्हा त्याच्या कडेला वरंबा आला. वरंबा घासला तर शेजारी खोलगट झालं. खोलगट भरलं तर त्याला कड आली. या वेळी फटीला ओलं फडकं मात्र न सांगता लागत होतं, हे वहिनींनाही मान्य करावं लागलं. बुडबुडा रोज केसभर मधे सरकायचा, आणि ड्रायव्हरसाहेब संध्याकाळी त्याचा वृत्तांत सांगायचे, जणू घरात कुणी आजारी आहे आणि त्याला आज थोडा उतार पडला.

वहिनींच्या जिवाचं पाणी पाणी झालं. टेबल भिंतीला उभं करून ठेवल्यामुळे त्या पलंगावर वाकून कापायच्या, कंबर धरली. सुया डाळीत सापडायला लागल्या. एकदा तर त्यांनी खिशाचं झाकण चुकून उलटं शिवलं आणि ते हॉस्पिटलात गेल्यावर लक्षात आलं. घरी कुणी आलं की दारातूनच बोलून जायचं, आणि प्रत्येक जण एकच विचारायचा, अजून चाललंय का?

ताई आली तेव्हा तर कहरच झाला. दाराकडचे थर चढत चढत इतके झाले होते की दार आत हातभर उघडायचं आणि तिथे जमिनीला टेकून थांबायचं. वहिनी अंगाने किरकोळ. आडव्या होऊन आत-बाहेर करायला त्या शिकल्या होत्या. ताई चांगली भरलेली. तिने एक खांदा आत घातला, श्वास रोखला, पुन्हा बाहेर घेतला, आणि पिशवी तेवढी फटीतून आत दिली.

"तुला बाहेर येता येतं ना?" तिने विचारलं. "मग ये. कापड घे आणि माझ्याकडे चल."

वहिनी गेल्या. ड्रायव्हरसाहेबांनी गठ्ठा जिन्यावरून खाली नेऊन दिला आणि म्हणाले, तू येईपर्यंत होईल. वहिनी मागे न बघता ताईबरोबर निघाल्या.

ताईकडे लाकडी जमीन होती, गुळगुळीत, ऊबदार, वहिनींनी मनात धरलेली अगदी तीच. पहिल्या दिवशी त्यांचे पाय सुखावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ताई फडकं घेऊन त्यांच्या मागोमाग फिरते आहे. पावलांचे ठसे दिसतात, ती म्हणायची. भावजींनी खुर्च्यांच्या पायांना कापडी टोप्या चढवल्या होत्या आणि कात्री पडली की आतल्या खोलीतून त्यांचं घसा खाकरणं ऐकू यायचं. सुई पडली तर वहिनींच्या आधी ताई खाली वाकायची, सुईसाठी नव्हे, ओरखड्यासाठी. तिथे कोट कापायचे म्हणजे देवळात मासळी साफ करण्यासारखं वाटायला लागलं. आठवडा काढून, ताईचे आभार मानून, वहिनी घरी निघाल्या. वाटेत त्यांच्या मनात आलं, माझी जमीन झाली की तिच्यावर सुया पडतील, दोरे पडतील, मीही चपला घालून फिरेन. आणि लगेच दुसरं मनात आलं, पण झाली तर.

त्या आडव्या होऊन आत शिरल्या तेव्हा दुपार होती, पण खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केलेला होता. ड्रायव्हरसाहेब पोटावर झोपले होते, गाल जमिनीला टेकलेला, हातात विजेरी. विजेरीचा झोत जमिनीवरून आडवा सोडला की बारीकसा उंचवटाही लांब सावली टाकतो, हे त्यांना नव्याने कळलं होतं.

"आलीस? बरं झालं," ते तसेच पडून म्हणाले. "इकडे ये. गाल टेकव आणि बघ. त्या तिथे."

वहिनींनी गठ्ठा ठेवला, चादर ओढून काढली आणि त्यांच्यासमोर त्याच जमिनीवर मांडी घालून बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, की मी ओरडून दमले आहे, आता नुसतं विचारते. हे काम तुम्हाला संपवायचं आहे की नाही?

ड्रायव्हरसाहेब उठून बसले. विजेरी विझवली, कपड्यांवरची भुकटी झटकली. 

"इतकी वर्षं मागून घंटी वाजली की मी निघालो," ते म्हणाले. "आरसा नीट लावला नसेल, सीट डगमगत असेल, काचेवर धूळ असेल. घंटी वाजली की निघायचं. काहीच कधी मनासारखं पुरं करून निघालो नाही. आता मागे घंटी नाही, तर मला कळतच नाही गं, निघायचं कधी."

वहिनींना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच वेळी त्यांना स्वयंपाकघरातलं मशीन दिसत होतं, शेगडीच्या शेजारी, झाकणावर तेलाचे शिंतोडे, आणि वाईट वाटण्याच्या बरोबरीने राग उफाळून आला. मनासारखं पुरं न होणं म्हणजे काय, हे हा माणूस त्यांना सांगत होता.

"घंटी नाही ना?" त्या म्हणाल्या. शेजारी घमेलं पडलं होतं. त्यांनी थापी उचलली आणि घमेल्यावर दोनदा वाजवली. "ही घ्या. डबल. निघा आता."

ड्रायव्हरसाहेब घमेल्याकडे बघत राहिले, मग वहिनींकडे. मग त्यांना हसू आलं, आणि वहिनींना आलं नाही. ड्रायव्हरसाहेबांनी उठून फिटरला स्वतः फोन लावला.

फिटर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दारात थोडा अडखळला, फटीतून आत आला आणि काही न बोलता आपली लांब पट्टी ठेवत खोलीभर फिरला. उभी, आडवी, तिरपी. मग उठून म्हणाला, की इतकी सपाट जमीन त्याने कारखान्यांत पाहिली होती, घरात नाही. पण दाराकडे एवढी भर कशाला घातली?

"पातळीत आणायला," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"पातळीत नसली तरी चालते म्हटलं होतं ना, काका."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हा क्षण कधीतरी येईल म्हणून त्यांनी किती वाक्यं मनात रचून ठेवली होती. कोटांवरून एक, पातेल्यावरून एक, कंबरेवरून तर दोन-तीन. पण ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा असा झाला, जसं शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावर कळावं की आपण भलत्याच मार्गाने आलो. वहिनींनी ती सगळी वाक्यं गिळली, आणि गिळताना त्यांना फार त्रास झाला. त्यांनी चहा ठेवला.

दार खालून कापावं लागलं. सुताराने ते बिजागऱ्यांवरून उतरवून गॅलरीत आडवं घातलं आणि रंधा मारला. उंबऱ्याशी बोटभर पायरी झाली होती, तिला फिटरने लाकडाची उतरती पट्टी लावली. पहिले काही दिवस येणारा प्रत्येक जण तिला ठेचकाळायचा आणि ड्रायव्हरसाहेब प्रत्येकाची माफी मागायचे. पट्ट्या मात्र एका दिवसात बसल्या. एकीचा सांधा दुसरीत असा सरकत गेला की फिटरला हातोडीसुद्धा फारशी वापरावी लागली नाही. कुठे पोकळ आवाज नाही, कुठे दबत नाही. संध्याकाळी टेबल जागेवर आलं, मशीन खिडकीशी आलं. वहिनी अनवाणी उभ्या राहून एक कोट कापायला लागल्या, आणि बराच वेळ झाला तरी गुडघ्यांची आठवण झाली नाही. कात्री एकदा हातातून निसटून पडली. पट्टीला बारीक खाच पडली. त्यांनी ती पाहिली, पायाने दोरे बाजूला सारले आणि पुढची बाही कापायला घेतली.

फिटर महिन्याभराने परत आला, या वेळी ड्रायव्हरसाहेबांसाठी. त्याला पट्ट्या बसवायची कामं भरपूर होती, पण खालचा कोबा नीट करून देणारं विश्वासाचं माणूस मिळत नव्हतं. जो तो घाईघाईत थापून जायचा. काका येतील का, रोज नाही, अधूनमधून? ड्रायव्हरसाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी फिटरचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला.

तेव्हापासून ते आठवड्यातून दोन-तीनदा पाणसळ घरी ठेवून आणि लांब पट्टी खांद्यावर घेऊन सकाळी बाहेर पडतात. बाहेरच्या लोकांकडून त्यांची फार तारीफ ऐकू येते. नळ्यांच्या फटी ते आधी बुजवतात. धूळ होणार असेल तर घरातलं सगळं कापड आधी झाकायला लावतात. कंपाउंडरांच्या स्वयंपाकघराची जमीनही त्यांनी करून दिली, आणि कंपाउंडर आता जिन्यात वहिनींना म्हणतात की साहेबांचा हात म्हणजे हात आहे. वहिनी त्यांच्याकडे नुसतं बघतात.

एकदा ते दुपारी जेवणाच्या वेळेलाच घरी आले. वहिनी बटणं लावत होत्या. त्यांनी विचारलं, आज काम नव्हतं का. होतं, ते म्हणाले, बाजारामागच्या एका घरी. दोन खोल्या होत्या. झाल्या.

"दोन खोल्या," वहिनी म्हणाल्या. "एका सकाळीत."

"त्यांना घाई होती."

वहिनींनी दाताने दोरा तोडला. "मला नव्हती का?"

ड्रायव्हरसाहेबांनी पट्टी भिंतीला टेकवली. प्रश्नावर त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

वहिनींनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि मशीन जोरात सुरू केलं.  ड्रायव्हरसाहेब हात धुऊन आत गेले आणि दोघांचं जेवण गरम करायला लागले.